बहुउपयोगी कौटुंबिक मोटार व तिचे इंजिन

पाच ते आठ माणसे आणि त्यांचे सामान यांची मांडणी गरजेप्रमाणे बदलता यावी, अशा बेताने घडवलेल्या उंच, आतून सलग मोटारीला बहुउपयोगी कौटुंबिक मोटार म्हणतात. एमपीव्ही आणि मिनीव्हॅन ही तिची रूढ नावे आहेत. दुमडणारी, सरकणारी किंवा उचलून बाहेर काढता येणारी आसने, रुंद दारे आणि चालकाची उंच बैठक ही तिची ठळक लक्षणे होत. मात्र तिचा विकास समजून घ्यायचा तर आसनांआधी इंजिनाकडे पाहावे लागते. कारण ठरावीक लांबीच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंत शक्ती नेणारा दांडा जेवढी जागा अडवतात, तेवढी माणसांच्या वाट्यातून वजा होते.

सुरुवातीच्या आरेखकांनी इंजिन मागे ठेवून हा प्रश्न सोडवला. अमेरिकेत विल्यम स्टाउट यांनी १९३०च्या दशकात बनवलेल्या स्कॅरॅब या गाडीत फोर्डचे व्ही-८, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर असलेले, इंजिन मागे होते आणि आतल्या खुर्च्या हलवता येत. पण अशा गाड्या फारच थोड्या बनल्या. १९५०मध्ये आलेल्या फोक्सवॅगन टाइप २ या व्हॅनमध्येही हवेने थंड होणारे सुमारे १,१०० घसेंमीचे (घन सेंटीमीटरचे) इंजिन मागेच होते. या मांडणीची खरी कसोटी लागली ती १९५६च्या फियाट ६०० मल्टिप्ला या गाडीत. जेमतेम साडेतीन मीटर लांबीत तीन रांगा आणि सहा माणसे बसवण्यासाठी चालकाला थेट पुढच्या चाकांवर बसवले होते. त्याच्यापुढे बोनेट जवळजवळ नव्हतेच. ६३३ घसेंमीच्या छोट्या इंजिनाला हा सगळा भार ओढावा लागे, आणि सहाही जागा भरल्या की सामानाला फारशी जागा उरत नसे. मागच्या इंजिनाने माणसांची सोय केली, सामानाची मात्र अडचण केली.

दुसरी वाट होती इंजिन पुढे, तेही आडवे ठेवून पुढचीच चाके फिरवण्याची. जर्मनीतील डीकेडब्ल्यू कंपनीच्या श्नेललास्टर व्हॅनने १९४९मध्येच ती दाखवली होती, पण कौटुंबिक मोटारीत ती रुजायला तीन दशके गेली. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानची निसान प्रेअरी आली आणि १९८३च्या अखेरीस अमेरिकेत क्रायस्लरने डॉज कॅरव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर या जुळ्या मिनीव्हॅन बाजारात आणल्या. मागच्या चाकांकडे जाणारा दांडाच नसल्यामुळे त्यांचा तळ सखल व सपाट ठेवता आला. मुलांना आणि वयस्क माणसांना एका पावलात आत शिरता येऊ लागले. या मोटारीच्या साऱ्या वाटचालीत हीच सुधारणा सर्वांत मोलाची मानली पाहिजे. मूळचे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन भरल्या गाडीला अपुरे पडे, म्हणून काही वर्षांतच ३ लिटरचे व्ही-६ इंजिनही देण्यात आले. फ्रान्समध्ये मात्रा या कंपनीने घडवलेली रेनॉ एस्पास १९८४मध्ये आली. जस्तलेपित पोलादी सांगाड्यावर काचतंतूंचे पत्रे चढवलेल्या या गाडीला पहिल्या महिन्यात अवघे नऊ ग्राहक मिळाले, तरी पुढे युरोपात या वर्गाचा पाया तिनेच घातला.

१९९०च्या टोयोटा एस्टिमाने, म्हणजेच निर्यातीच्या प्रिव्हियाने, तिसरा आणि सर्वांत धाडसी मार्ग निवडला. तिचे २.४ लिटरचे इंजिन ७५ अंशांनी कलवून, जवळजवळ आडवे पाडून, पुढच्या आसनांखाली बसवले होते. पंखा, अल्टरनेटर (वीज निर्माण करणारे जनित्र) यांसारखे भाग गाडीच्या नाकाशी ठेवून एका लांब दांड्याने फिरवले जात, म्हणजे रोजच्या देखभालीला ते हाताशी राहत. भार दोन्ही चाकजोड्यांवर नीट विभागला जाई. पण खुद्द इंजिनाला हात घालायचा तर आसनाखालचा भाग उघडावा लागे, आणि मोठे इंजिन तिथे मावतच नसे. अधिक शक्तीसाठी सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, जोडावा लागला. पुढच्या पिढीत टोयोटानेही इंजिन पुढे, आडवे आणले.

सात माणसांची भरलेली गाडी घाट चढू लागली की कमाल अश्वशक्तीपेक्षा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कामी येतो. त्यामुळे १९९०च्या दशकात युरोपात टर्बो डिझेल इंजिन या गाड्यांचे स्वाभाविक सोबती ठरले. १९९५च्या फोक्सवॅगन शरानमध्ये १.९ लिटरचे डिझेल इंजिन होते. तिथेच पेट्रोलचे व्हीआर-६ही मिळे, ज्यात सिलिंडरांच्या दोन ओळींमधला कोन फक्त १५ अंशांचा ठेवून सहा सिलिंडर आडव्या जागेत मावतील इतके आटोपशीर केले होते. १९९६ची रेनॉ सेनिक आणि १९९९ची, तिसरी रांग तळात दुमडणारी ओपेल झाफिरा यांनी हाच विचार लहान आकारात उतरवला.

पुढे एसयूव्हीच्या लाटेत हा वर्ग आक्रसला. २०२३ची एस्पासही एसयूव्ही झाली. इंजिनांचा प्रवास मात्र थांबला नाही. २००१च्या एस्टिमा हायब्रीडमध्ये, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या गाडीत, मागची चाके विजेच्या मोटरवर फिरत. क्रायस्लर पॅसिफिका हायब्रीडमध्ये १६ किलोवॅट-तासांची बॅटरी मधल्या रांगेखाली, जिथे साध्या पॅसिफिकाची आसने दुमडून बसतात त्याच खळग्यात ठेवली गेली. त्यामुळे ती आसने तळात लपवण्याची सोय गेली. २०२२च्या फोक्सवॅगन आयडी. बझमध्ये मोटर पुन्हा मागच्या चाकांशी आली, पण बॅटरी तळाखाली पसरलेली असल्याने जागेचा हिशेब आता प्रवाशांच्या पायांखाली, तळाच्या उंचीत मांडावा लागतो.