रक्त दिसलं म्हणजे इंट्राकॅथ लागला असं नाही

‘मॅडम, मला रक्त घेता येतं, मग इंट्राकॅथच का जमत नाही?’ नर्सिंगच्या दर बॅचला कुणीतरी हे विचारतंच. इंट्राकॅथ म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवून ठेवायची प्लास्टिकची नळी. वॉर्डातली एखादी सीनियर सिस्टर वर ठोकून देते, ‘अगं, तेच तर आहे, फक्त सुई जाड.’ तेच नाहीये ते!

रक्त घेणं तुम्हाला येतं, त्यात वेळ घालवत नाही. जागेचा फरकही किरकोळ: रक्ताला कोपराची खळी, सलाईनला शक्यतो कोपराखालचा हात, कारण कोपर वाकला की सलाईन अडतं. इंट्राकॅथचे रंग आणि त्यांचे गेज, म्हणजे जाडीचे आकडे, पाठच असतात: गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. आकडा मोठा, नळी बारीक.

गोची होते ती रक्त दिसल्यावर. रक्त घेताना ते दिसलं की हात तिथेच स्थिर ठेवायचा. ही सवय इंट्राकॅथला नडते. यात सुईवर प्लास्टिकची नळी चढवलेली असते आणि सुईचं टोक नळीच्या जरासं पुढे असतं. मी पहिल्या दिवशी सरावाचा डमी हात काढतच नाही. मुदत संपलेला इंट्राकॅथ खिडकीशी धरून ती बारीकशी पायरी बघायला लावते. मागच्या कप्प्यात रक्त उतरलं, म्हणजे सुईचं टोक शिरेत गेलं. नळीचं तोंड अजून बाहेरच असू शकतं. तेवढ्यावर नळी ढकलली की ती शिरेच्या भिंतीवर अडते, चुरगळते, नाहीतर शिरेबाहेर जाते आणि सलाईन सोडताच हात फुगतो.

म्हणून रक्त दिसलं की आधी कोन उतरवायचा, सुई जवळजवळ कातडीला टेकेपर्यंत. मग सुई आणि नळी मिळून २-३ मिलिमीटर पुढे. त्यानंतर सुई जागीच धरून फक्त नळी सरकवायची. कोन न उतरवता पुढे गेलात तर शिरेची पलीकडची भिंत फुटलीच. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरलेली असते, ती नळी आत जाईपर्यंत सोडायची नाही. टूर्निकेट (हाताला आवळून बांधलेला पट्टा) सोडा, नळीच्या टोकाच्या जरा वर, खांद्याच्या बाजूला, बोटाने शीर दाबा, मगच सुई काढा.

आणि नळी अडली म्हणून मागे घेतलेली सुई पुन्हा तिच्यात खुपसणं मला अजिबात चालत नाही. सुईने नळी कापली जाते, तुकडा रक्तातून वाहून जाऊ शकतो. सगळंच बाहेर काढायचं, नवा उघडायचा. इंट्राकॅथ वाया घालवला म्हणून कुणी ओरडलं, तर माझ्याकडे पाठवा.