दहावी झालेला शिकाऊ उमेदवार ऑफिसात घ्यायचाय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

जिनिंगचं ऑफिस, दालमिल, राइस मिल, पतसंस्था, खरेदी-विक्री संघ, संत्र्याचं पॅकिंग सेंटर. तालुक्याच्या गावात आवक-जावक, बिलं, टायपिंग असल्या कामाला दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी शिकाऊ म्हणून घ्यायला तयार असलेले मालक बरेच आहेत. तरी अर्ज परत येतात, आणि ते येतात प्रामुख्याने तीन गोष्टींवरून: पालकाची सही, आधार आणि कराराची तारीख.

पण त्याही आधी आपण कोणत्या रस्त्याने जातोय ते ठरवा. रस्ते तीन आहेत. मूल अजून शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात शिकत असेल आणि व्यवसाय विषयाचा भाग म्हणून काही दिवस ऑफिसात येणार असेल, तर शाळेचं पत्र, पालकांची लेखी संमती आणि हजेरीपत्रक ठेवा. तिथे शिकाऊ उमेदवारीचा करार करायला जाऊ नका. शाळा सोडून पूर्णवेळ शिकायला येणाऱ्यासाठी १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा आणि केंद्राचं अप्रेंटिसशिप पोर्टल आहे. तिसरा रस्ता म्हणजे २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिची वयाची अट १८ ते ३५ आहे. सोळा वर्षांच्या मुलीचं नाव तिथे भरू पाहणारे मालक अजूनही भेटतात आणि मग पोर्टल खराब आहे म्हणून चिडतात. पोर्टल बरोबरच सांगत असतं.

पुढचं सगळं दुसऱ्या रस्त्याबद्दल, म्हणजे शिकाऊ उमेदवारी कायद्याबद्दल.

उमेदवाराला करार करताना १४ वर्षं पूर्ण झालेली हवीत. धोक्याच्या उद्योगांशी संबंधित ट्रेडला, म्हणजे शिकायच्या व्यवसायाला, १८. ऑफिसकामासाठी सहसा घेतला जाणारा ट्रेड म्हणजे कोपा, अर्थात कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट; त्याला दहावी पास लागतं. आयटीआय न करता थेट आलेल्या मुलाला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं. ते कुठे मिळेल हे जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात, अर्ज भरण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर मूल महिनोन् महिने घरी बसून राहतं.

आस्थापनेत किमान ४ माणसं कामाला हवीत. ४ ते २९ असतील तर शिकाऊ घेणं ऐच्छिक, ३० पासून सक्तीचं, आणि संख्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्क्यांत. कंत्राटी माणसंही या हिशेबात धरतात. एक मुनीम आणि एक हमाल एवढ्यावर चालणारं कृषी सेवा केंद्र यात बसत नाही. घरच्यांची नावं घालून आकडा चारवर नेऊ नका. पगारपत्रक मागितलं की ते उघडं पडतं. नोंदणीला पॅन, जीएसटी किंवा संस्थेचा नोंदणी दाखला, बँक खातं आणि अधिकृत व्यक्तीचं आधार लागतं. पॅनवर जे नाव आहे तेच सगळीकडे लिहा.

पालकाची सही

उमेदवार १८ वर्षांखालचा असेल तर करार पालकाने करायचा असतो. कायद्यात हे स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे गाडी नेमकी इथेच अडते. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. पोरगं आजीकडे, मामाकडे किंवा वसतिगृहात राहतं. मग मामा सही करतो, नाहीतर आश्रमशाळेचे अधीक्षक करतात. आईबाप हयात असताना या सह्या पालकाच्या सह्या ठरत नाहीत. वडील वारले असतील तर आईची सही पुरते. सोबत मृत्यूचा दाखला जोडा आणि आईचं आधारवरचं नाव आजचंच आहे का ते बघून घ्या, कारण कित्येक बायांच्या आधारवर अजून माहेरचं नाव असतं. आईवडील दोघंही नसतील तर सांभाळणाऱ्याकडे पालकत्वाचा कोणता कागद आहे ते बीटीआरआयला दाखवून मगच पुढे जा. आईबाप बाहेरगावी जाणार असतील तर ते निघायच्या आधी करार उरका. अंगठा चालतो, पण साक्षीदाराच्या सहीसह घ्या.

आधार

मुलाला पंधरा वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन नव्याने द्यावं लागतं. ते १५ ते १७ या वयात मोफत होतं. लहानपणीच्या ठशांवर केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडते, आणि आपण मात्र नेटवर्कला दोष देत बसतो. आधी आधार केंद्रात पाठवा, मग पोर्टल उघडा.

नावाचा घोळ वेगळा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी. क्रम मागेपुढे असला तरी तो समजावता येतो. 'गजानन'चा 'गजानान' झाला असेल तर दुरुस्तीच करावी लागते. जन्मतारीखही ताडून पाहा. जुन्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते आणि दाखल्यावर दुसरीच तारीख असते. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा जन्मदाखला हातात घेऊनच जा.

बँकेत विचारताना 'आधार जोडलंय का' एवढंच विचारू नका. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, त्या खात्याचं सीडिंग (आधारशी नोंद) झालेलं असणं वेगळं. पासबुकावर आधार दिसतं, तरी अनुदान येत नाही ते यामुळे.

तारीख

कराराचा तपशील पोर्टलवर सात दिवसांत भरायचा आहे. हे सात दिवस सही झाल्यापासूनचे. पहिलं विद्यावेतन दिल्यापासूनचे किंवा मूल कामावर रुळल्यापासूनचे नव्हेत. प्रशिक्षणही करार झाला त्या दिवसापासूनच सुरू झालं असं धरतात. 'महिनाभर पाहू, जमलं तर करार करू' असं मालक म्हणतात आणि तो महिनाभर मूल कोणत्याही कागदावर नसतं. त्या काळात काही झालं तर तुमचीही पंचाईत आणि त्याचंही नुकसान. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला, म्हणजे करार तपासून नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, काही खटकलं तर त्याने १५ दिवसांत कळवायचं आणि ३० दिवसांत नोंदणी करायची असं कायद्यात लिहिलंय. ही मुदत त्यांनाही लागू आहे. उलटून गेली तर लेखी विचारा, पोच घ्या.

विद्यावेतन बँकेतच द्या. २०१९च्या नियमांत दहावी पासला दरमहा किमान ६,०००, पाचवी ते नववीला ५,००० आणि बारावी पासला ७,००० रुपये आहेत. करार करताना पोर्टलवर दिसणारा आकडा धरा. पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जायला हवेत. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचे २५ टक्के, जास्तीत जास्त दरमहा १,५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं; तुम्ही तुमचा वाटा दिल्याची नोंद केली नाही तर तो हप्ता अडतो. या कायद्याखालच्या शिकाऊला पीएफ-ईएसआय लागू नाही, म्हणून तेवढं कापून घेऊ नका. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाचीच.

काम ऑफिसचंच द्या: टपालाची नोंद, फाइल लावणं, युनिकोड मराठी टायपिंग, टॅलीत बिलं चढवणं. जिनिंगच्या शेडमधून पावत्या आणायला धाडणं, कृषी केंद्रात गळक्या कीटकनाशकाच्या बाटल्या हलवायला लावणं हे प्रशिक्षण नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. ती औषधं पोराच्या हाती द्यायची नाहीत. जादा वेळही थांबवू नका, सीझन कितीही जोरात असो.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला पाहून परत द्या आणि झेरॉक्स ठेवा. मूळ दाखला मालकाच्या कपाटात अडकला की मुलाचा पुढचा प्रवेश बुडतो. मूल मध्येच सोडून गेलं तर करार पोर्टलवर रीतसर बंद करा. तो उघडा राहिला तर दुसऱ्या मालकाला त्याच मुलाचा नवा करार करता येत नाही.