तुमची होंडा एस२००० लिलावात पाठवण्यापूर्वी

मिशिगन आणि आसपासच्या राज्यांतील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेचसे मराठी ग्राहक डेट्रॉइटच्या गाडी कंपन्यांत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत नोकरी केलेले आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेनं एस२००० घेतली, उन्हाळाभर टप उघडून फिरवली आणि रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गराजमध्ये झाकून ठेवली. आता कुणी पुण्याला परत निघालंय, तर कुणाच्या गुडघ्यांना इतक्या खाली बसणं झेपत नाही. दरम्यान ही गाडी संग्राहकांच्या यादीत जाऊन बसली आहे. म्हणूनच ती कोपऱ्यावरच्या डीलरला देऊन टाकण्याआधी हे पत्रक वाचावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

लिलावातला भाव खरं तर तुमच्या गराजमध्ये ठरतो. मंचावर गाडी दोन-तीन मिनिटं असते. तेवढ्या वेळात बोली लावणारा जे बघतो, ते तुम्ही आधीच्या दोन-तीन महिन्यांत जमवलेलं असतं.

या गाडीला मागणी का?

होंडानं आपल्या पन्नाशीच्या निमित्तानं ही गाडी काढली आणि १९९९ मध्ये ती बाजारात आली. पहिल्या पिढीचं, म्हणजे एपी१चं, दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय २४० अश्वशक्ती देतं आणि मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढतं. एका लिटरमागे १२० अश्वशक्ती हा आकडा त्या काळी थक्क करणारा होता. अमेरिकेत २००४ पासून २.२ लिटरचं इंजिन आलं. ते थोड्या कमी फेऱ्यांवर थांबतं, पण गावात चालवायला सोपं आहे. ऑटोमॅटिक गिअरची एस२००० होंडानं कधी बनवलीच नाही. २००९ मध्ये उत्पादन थांबलं, आणि अशी गाडी पुन्हा कुणी काढेल असं आता वाटत नाही.

सीआर नावाची प्रत ७०० च्या आसपासच निघाली. तिला घडीचा टप नाही, अल्युमिनियमचं हार्डटॉप, म्हणजे काढता येणारं कडक छत, आहे. जवळपास न चालवलेल्या सीआर लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. या बातम्या वाचून ग्राहक आमच्याकडे मोठ्या आशेनं येतात. ऐंशी हजार मैल फिरलेल्या साध्या एस२०००चा भाव त्यावरून काढता येत नाही. त्यासाठी तेच वर्ष, तितकेच मैल आणि तशीच अवस्था असलेल्या अलीकडच्या विक्री बघाव्या लागतात. त्या आम्ही तुमच्यासमोर बसून काढतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पंचवीस वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी अमेरिकेत आणायला सुरक्षा नियमांची आडकाठी राहत नाही. त्यामुळे २०२४ पासून उजव्या स्टीअरिंगच्या जपानी एस२०००सुद्धा इथे येऊ शकतात. अमेरिकी गाड्यांचा भाव त्यानं कोसळेल असं आम्हाला वाटत नाही, पण खरेदीदाराला निवड वाढली आहे.

गाडी तपासणारा काय बघतो?

सगळ्यात आधी पत्रा. होंडानं बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, डिकीचं झाकण आणि बंपर यांवर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक, छापलेला छोटा स्टिकर लावलेला असतो. जाणकार माणूस बॉनेट उघडून बोट आत घालतो आणि एकेक स्टिकर शोधतो. कंपनीचाच पण नंतर बदललेला भाग असेल तर तिथे व्हीआयएनऐवजी 'आर' अक्षराचं लेबल सापडतं. स्टिकरच नसेल तर मग तो मडगार्डच्या बोल्टवरचा रंग बघतो. पाना लागलेला बोल्ट कोपऱ्यावर खरवडलेला दिसतोच. त्यानंतर रंगाची जाडी मोजणारं यंत्र येतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एकाच दरवाज्यावर ३०० निघाले, तर तो दरवाजा परत रंगवलाय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

गाडी कधी ठोकली असेल तर ते लपवू नका. दुरुस्तीचं बिल, फोटो, विम्याची कागदं, जे असेल ते फाइलला लावा. पार्किंगमध्ये घासलेलं आणि नीट दुरुस्त केलेलं मडगार्ड खरेदीदार समजून घेतो. आधी सांगितलं नाही आणि त्यानं स्वतः शोधून काढलं, की मग तो इंजिनाबद्दल तुम्ही सांगितलेलं खरंही धरत नाही.

इंजिनाबद्दल एपी१च्या मालकांनी विशेष जागरूक असावं. वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला तर इंजिन मर्यादेच्या वर फिरतं आणि व्हॉल्व्हच्या रिटेनरला, म्हणजे त्याची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकतीला, चीर जाऊ शकते. म्हणून कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो, हे मोजणारी) करून चारही सिलिंडरचे आकडे लेखी घ्या. गार इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूनं खडखड ऐकू येत असेल, तर बहुधा टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती साखळी ताणून धरणारा भाग, आहे. तो बदलणं फार खर्चाचं नाही. तो आवाज तसाच ठेवून गाडी लिलावात नेली, तर मात्र खरेदीदार मनातल्या मनात त्याच्या कितीतरी पट रक्कम वजा करतो.

टपाकडे बघायला लोक विसरतात, आणि ही तर उघड्या टपाची गाडी! २००० आणि २००१च्या गाड्यांना मागची काच प्लास्टिकची होती. ती पिवळी पडते आणि घडीवर तडकते. २००२ पासून खरी काच आली. दरवाज्यांच्या मागे, जिथे घडी होताना कापड सांगाड्यावर घासतं, तिथे आधी झीज आणि मग भोक पडतं. ते बघा. टप उघडल्यावर घडीवर बसवायचं आवरण गाडीबरोबरच मिळालं होतं, ते माळ्यावर शोधा. कंपनीचं हार्डटॉप घेतलं असेल तर ते वेगळं विकायचं की गाडीबरोबर, हे आमच्याशी बोलून ठरवा. त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे आणि किंमतही चांगली येते.

मूळ भाग टाकू नका, ही विनंती आम्ही प्रत्येकाला करतो. एक्झॉस्ट, चाकं, सस्पेन्शन बदललेलं असेल आणि मूळ भाग खोक्यात असतील, तर जमतील तेवढे परत बसवून घ्या. राहिलेले गाडीबरोबर द्या. दोन्ही किल्ल्या, मालकाची पुस्तिका, नवी घेतली तेव्हा काचेवर होता तो किमतीचा कागद, रेडिओचा कोड, हे सगळं एका पाकिटात ठेवा. बॅटरी काढली की रेडिओ कोड मागतो, आणि मंचाच्या वाटेवर बंद रेडिओ कुणालाच बरा वाटत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडेही बघा. ३५१४ म्हणजे २०१४ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी खोल असली तरी तो म्हातारा झालाय.

संपूर्ण रंगकाम करू का, असं विचारणाऱ्यांना आम्ही नाहीच म्हणतो. दगडांचे चार टवके असलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त भाव आणतो. नीट धुऊन, हलकं पॉलिश करून, आतलं चामडं साफ करून थांबा.

टायटल आणि नावांचा घोळ

आपल्या लोकांची गाडी सगळ्यात जास्त इथे अडते. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, मधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर फक्त आद्याक्षर आणि लग्नानंतर पासपोर्टवर तिसरंच. लिलाव कंपनी हे तपासते आणि जुळलं नाही तर पैसे अडकतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर गाडी असेल तर दोन नावांमध्ये 'अँड' आहे की 'ऑर' ते बघा. 'अँड' असेल तर दोघांच्याही सह्या लागतात, आणि दोघांपैकी एक जण साताऱ्याला असेल तर मुखत्यारपत्राची तयारी महिनाभर आधीच सुरू करावी लागते. कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा टायटलवरून उतरलाय का, याची खात्री करा.

मैलांबाबत एक बारकावा आहे. २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलला विक्रीच्या वेळी मीटरचा आकडा जाहीर करण्याची केंद्रीय कायद्याची सक्ती आता नाही, म्हणजे प्रत्येक एस२००० त्यातून सुटते. पण कायद्यानं सोडलं तरी खरेदीदार सोडत नाही. तेलबदलाच्या जुन्या पावत्यांवर तारीख आणि मैल लिहिलेले असतात. त्या ओळीनं लावा, मीटर आपोआप सिद्ध होतो.

कुठे विकायची, आणि रिझर्व्ह ठेवायचा का?

जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमीला मेकमचा आणि ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनचा मोठा लिलाव असतो. आम्हाला सोयीचा मेकमचा मे महिन्यातला इंडियानापोलिसचा, कारण बंद ट्रेलरमधून गाडी सकाळी निघून दुपारपर्यंत पोचते. ब्रिंग अ ट्रेलरसारखा ऑनलाइन लिलाव साधारण आठवडाभर चालतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ वाढते. आमचं स्पष्ट मत असं: फाइल जाड असेल, पावत्या आणि पुष्कळ फोटो असतील, तर एस२००० ऑनलाइन चांगली विकते, कारण तिचे चाहते बारकावे वाचून बोली लावतात. मैल अगदी कमी असतील आणि गाडी समोर बघून माणूस थांबेल अशी असेल, तर मंच निवडा.

रिझर्व्ह म्हणजे ज्याच्या खाली गाडी द्यायची नाही तो आकडा. बॅरेट-जॅक्सनला बहुतेक गाड्या रिझर्व्हशिवाय जातात. म्हणजे शेवटची बोली कितीही असो, गाडी गेली. मेकमला रिझर्व्ह ठेवता येतो. बोली त्याच्या जवळ येऊन थांबली की त्यांचा माणूस तुमच्या शेजारी येऊन विचारतो, रिझर्व्ह काढायचा का? तुम्ही मान हलवली की 'रिझर्व्ह ऑफ' जाहीर होतं आणि ज्यांनी हात खाली घेतले होते ते पुन्हा वर येतात. हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो, म्हणून कितीपर्यंत खाली यायचं तो आकडा आदल्या रात्री घरच्यांशी बोलून कागदावर लिहून खिशात ठेवा. त्या गोंगाटात नवा आकडा ठरवू नका.

हातात किती येतील, याचं उदाहरण. समजा बोली ४०,००० डॉलरला थांबली. खरेदीदार त्यावर लिलाव कंपनीला १० ते १२ टक्के प्रीमियम भरतो, म्हणजे त्याला गाडी ४४,००० ते ४४,८०० ला पडते आणि तो बोली लावताना तो हिशोब धरूनच असतो. तुमच्या बाजूनं कमिशन १० टक्के धरलं तर ४,००० गेले. प्रवेश शुल्क, ट्रेलरचं भाडं आणि आमचं ठरलेलं शुल्क त्यातून आणखी वजा होईल. कमिशनचे दर लिलावागणिक वेगळे असतात आणि ते करारात लिहिलेले असतात. सही करण्यापूर्वी आम्ही तो करार तुमच्याबरोबर ओळीओळीनं वाचतो.

खरेदी किमतीपेक्षा जास्त आले तर नफ्यावर कर लागतो. तोटा झाला तर घरगुती वापराच्या गाडीचा तोटा वजा करता येत नाही. मूळ खरेदीचं बिल तुमच्या करसल्लागाराला नक्की दाखवा.

गाडी भारतात नेता येईल का, असं परत निघालेले ग्राहक हमखास विचारतात. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टीअरिंग उजवीकडे हवं, असा तिथला नियम आहे. तुमची अमेरिकी एस२००० दोन्हींत बसत नाही. म्हणून निघायच्या तारखेच्या किमान चार महिने आधी आम्हाला भेटा. घाईत विकलेल्या गाडीचे पैसे कमी येतात, आणि सह्यांसाठी तुम्ही इथे असणं सगळ्यांच्याच सोयीचं.

पहिल्या भेटीला गाडी धुऊन आणू नका, आहे तशी आणा. सोबत टायटल, लायसन्स, सापडतील त्या सगळ्या पावत्या आणि दोन्ही किल्ल्या. गाडी गार असताना इंजिन सुरू करून ऐकायचं असतं, म्हणून शक्यतो आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे सोडा. विक्री झाल्यावर नंबर प्लेट काढून घ्या, मिशिगनमध्ये ती मालकाकडेच राहते. विमा मात्र टायटल नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत चालू ठेवा.