रीड यांनी स्वतःला डास चावून घेतला नव्हता

अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांनी क्युबात स्वतःवर प्रयोग करून यलो फीव्हर (पीतज्वर) पसरवणारा डास शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. मुळात डासाचा अंदाज हवानाच्या डॉ. कार्लोस फिनले यांचा, तोही 1881 सालचा. आणि 27 ऑगस्ट 1900 रोजी डास चावून घेतला तो रीड यांच्याच पथकातले डॉक्टर जेम्स कॅरल यांनी. रीड तेव्हा वॉशिंग्टनला होते. कॅरल वाचल्याचं कळल्यावर 7 सप्टेंबरच्या पत्रामागे त्यांनी विचारलंय: हे डासानंच केलं का? शोधकर्ता असं विचारेल? दुसऱ्याच दिवशी त्याच पथकातले डॉक्टर जेसी लाझेर यांनी बायकोला लिहिलं की खऱ्या जंतूचा माग लागलाय असं वाटतं. 25 सप्टेंबरला ते याच तापानं गेले.

फिनलेंचे प्रयोग फसले ते दिवसांच्या हिशेबामुळे. रुग्णाच्या रक्तातून डासाला लागण होते ती साधारण आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतच. पुढे विषाणू डासाच्या लाळेत पोचायला बारा-एक दिवस जातात. फिनले त्याआधीच डास चावायला लावत. कॅरल यांचा डास दुसऱ्या दिवशीच्या रुग्णावर पोसलेला होता, आणि त्याला बारा दिवस झाले होते.

रीड यांचं श्रेय नंतरच्या काटेकोर चाचण्यांचं. तेही काही थोडं नाही.