विषुववृत्तावरचं बेसिन आणि हातचलाखी

जोडीने दक्षिण अमेरिका फिरून आलेल्यांकडे एक व्हिडिओ हमखास असतो. इक्वेडोरमध्ये क्विटोजवळ विषुववृत्ताच्या रेषेवर बेसिन ठेवतात. बूच काढलं की पाणी सरळ खाली जातं. तेच बेसिन चार पावलं उत्तरेला नेलं की भोवरा एका दिशेने फिरतो, दक्षिणेला नेलं की उलट. आम्हीही दोघं आ वासून बघत होतो.

ही निव्वळ हातचलाखी. पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात, वादळं गरगरतात, हा कोरिऑलिस परिणाम खराच. पण विषुववृत्तावर तो शून्य असतो आणि चार पावलांवर जवळजवळ शून्यच. बेसिनात भोवरा कुठे वळणार, हे पाणी ओतताना ठरतं. दुसऱ्या खेपेला आमची ही पाण्याकडे न बघता गाईडच्या हाताकडे बघत बसली. बादली एकदा डाव्या कडेने रिकामी झाली, एकदा उजव्या. संपलं!

परिणाम दिसतो, पण त्याला केवढी तपश्चर्या! १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ॲशर शापिरो यांनी सहा फूट रुंद टाकीतलं पाणी २४ तास निश्चल ठेवून मग बूच काढलं, तेव्हा ते घड्याळाच्या उलट फिरलं. १९६५ मध्ये सिडनीत असाच प्रयोग झाला, तिथे ते घड्याळाच्या दिशेने फिरलं.

आणि हो, क्विटोजवळच्या त्या ३० मीटर उंच विषुववृत्त-स्मारकापाशी पिवळ्या पट्ट्यावर दोन गोलार्धांत एकेक पाय ठेवून फोटो काढतात ना? खरी रेषा तिथून सुमारे २४० मीटर उत्तरेला आहे. आमच्या फोटोत चारही पाय दक्षिणेतच.