पार्श्वभूमी : विमानातून ॲडमिरलपदापर्यंत

लष्करातली पदे सातारा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. अपशिंगे मिलिटरी या गावातला शाळकरी पोरगाही सुभेदार आणि सुभेदार मेजर यांतला फरक सांगेल. घोटाळा होतो तो नौदलाच्या पदांत, आणि नौदलाचा वैमानिक ॲडमिरल कसा होतो हे समजायला आधी तीच पदे पाहावी लागतात. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. लष्करी कॅप्टनशी त्याचे नावापुरतेच साम्य. रिअर ॲडमिरल दोन ताऱ्यांचा, व्हाइस ॲडमिरल तीन ताऱ्यांचा आणि नुसता ॲडमिरल चार ताऱ्यांचा. बातमीत मात्र तिघेही 'ॲडमिरल' होऊन जातात. शाहू महाराजांच्या काळात साताऱ्याच्या गादीचे सरखेलपद आंग्र्यांकडे होते. आरमाराचा प्रमुख या अर्थाने तो शब्द जास्त नेमका होता, पण आज तो वापरतो कोण?

'वैमानिक' हा शब्दही तितकाच फसवा. नौदलाच्या हवाई शाखेत विमान उडवणाऱ्या पायलटइतकाच मागे बसून रडार, दिशा आणि पाणबुडीचा माग सांभाळणारा ऑब्झर्व्हरही अधिकारीच असतो. नौदलाच्या 'अलिझे' विमानात तिघे बसत आणि विमान चालवण्याची दांडी एकाच्याच हाती असे. मराठीत ऑब्झर्व्हरसाठी रुळलेला शब्द नसल्याने तो बातमीतून गळतो.

कोचीचा नौदल हवाईतळ १९५३ सालचा. खरी कलाटणी १९६१ची. मार्चमध्ये 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका ताफ्यात आली आणि १८ मे रोजी एका भारतीय अधिकाऱ्याने 'सी हॉक' जेट तिच्या डेकवर उतरवले. पुढच्याच महिन्यात साताऱ्यात देशातली पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण इथल्या पोरांना दोन्ही तारखा पाठ असायला हरकत नाही. सी हॉक उतरवणारा तोच अधिकारी १९८४च्या अखेरीस नौदलप्रमुख झाला. त्या पदावर पोचलेला तो पहिला वैमानिक.

पण त्याला तिथवर नेले ते केवळ त्या लँडिंगने, असे समजणे चूक आहे. नौदलाची जुनी रीत अशी : आधी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, पाळी (वॉच) एकट्याने सांभाळण्याचे प्रमाणपत्र, मग हवाई दलाकडे उड्डाणाचे प्रशिक्षण, मग नौदलाच्या तळावर त्या-त्या विमानाचे, शेवटी डेकवर. स्क्वॉड्रनमधली, म्हणजे विमानांच्या तुकडीतली, नेमणूक झाली की पुन्हा जहाज, आणि पुढे स्वतःच्या जहाजाची कमान. इथेच अनेकांची गाडी अडते. उड्डाणाचे तास वाढवत राहिलेला अधिकारी समुद्रावरच्या कमानीला मुकतो आणि बढतीच्या मंडळापुढे त्याच्या कागदात नेमकी तीच जागा रिकामी दिसते. चांगले पायलट यात वाया जातात, ही तक्रार जुनी आहे. तक्रारीत तथ्य आहे, पण रीत बिनबुडाची नाही.

कारण डेकवरचे काम जहाजाच्या वेगावर चालते. विमान सोडताना आणि घेताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवावे लागते. वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज कमी पडली की विमानाला तेवढी उचल मिळत नाही. उतरताना धावपट्टीवरच्यासारखे नाक अलगद उचलून चालत नाही. एकाच उताराने यायचे, विमानाच्या शेपटीखालच्या हूकने डेकवर ताणलेली आडवी तार पकडायची. उंच आलात तर तार चुकते, म्हणून टेकतानाच इंजिन पूर्ण जोरावर न्यायचे, म्हणजे कडेकडे तिरप्या आखलेल्या डेकवरून परत उडता येते. खाली आलात तर डेकची मागची कड लागते आणि तिथे दुसरी संधी नसते. १९७१च्या युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा होता, त्यामुळे वेग सुमारे १६ नॉटवर (ताशी सुमारे ३० किलोमीटरवर) आला होता. तरीही ४ डिसेंबरला सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला. अशा वेळी इंजिनरूममधली अडचण आणि विमानाचे वजन हे एकच गणित असते, आणि ते दोन्ही बाजूंनी माहीत असलेला माणूस लागतो.

डिसेंबर १९८३मध्ये गोव्यात दाबोळीला 'सी हॅरियर' हे लढाऊ विमान आले आणि गणित बदलले : उडायला वर वळलेला रॅम्प, उतरायला आधी हवेत थांबणे, मग टेकणे. हूक गेला. या स्क्वॉड्रनचा पहिला प्रमुख २००४मध्ये नौदलप्रमुख झाला. त्याच्यामागून २००६मध्ये आलेलाही सी हॉक उडवलेला वैमानिकच. २०१९मध्ये चौथा आला, तो हेलिकॉप्टरचा. हेलिकॉप्टरवाल्यांना विमानवाले दुय्यम मानत, त्याला ते उत्तर होते, असे म्हणायला जागा आहे.

हॅरियर मे २०१६मध्ये निवृत्त झाले. त्याआधी, २०१३मध्ये आलेल्या 'विक्रमादित्य' या विमानवाहू युद्धनौकेवर मिग-२९के हे लढाऊ विमान होते. रॅम्प राहिला, तार आणि हूक परत आले. २०२२ची नवी विक्रांतही त्याच पद्धतीची आहे, आणि एप्रिल २०२५मध्ये करार झालेली राफेलची नौदल आवृत्तीही तारेवरच उतरणार आहे.