जीवाणू आणि जीवाणुभक्षी विषाणू यांची सहउत्क्रांती

जीवाणू आणि त्यांना ग्रासणारे जीवाणुभक्षी विषाणू, म्हणजेच फाज, यांच्यात एकमेकांच्या दबावाखाली पिढ्यान्‌पिढ्या होत राहणाऱ्या आनुवंशिक बदलांना सहउत्क्रांती म्हणतात. जीवाणूंत एखादा बचाव रुजला की तो भेदू शकणारे फाजच पुढे टिकतात, आणि त्यांच्या माऱ्यातून पुन्हा वेगळा बचाव असलेले जीवाणू तगून राहतात. फाजांचा शोध फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) आणि फेलिक्स देरेल (१९१७) यांनी स्वतंत्रपणे लावला. जीवाणूंचा प्रतिकार फाजाशी गाठ पडल्यामुळे निर्माण होत नाही, तर आधीच आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनांतून येतो, हे साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्यूक यांनी १९४३ मध्ये दाखवले. या विषयाचा खरा पाया तोच.

प्रयोगशाळेबाहेर ही चढाओढ किती गुंतागुंतीची असते, हे पटकीचा जीवाणू व्हिब्रिओ कॉलरी आणि आयसीपी-१ हा फाज यांच्या जोडीत फार स्पष्ट दिसते. बांगलादेशातील पटकीच्या रुग्णांच्या मलनमुन्यांत हा फाज वारंवार आढळला आहे. जीवाणूच्या पृष्ठभागावरील ओ-१ या शर्करायुक्त प्रतिजनाला चिकटून तो आत शिरतो. हे प्रतिजन गमावलेला जीवाणू फाजापासून वाचतो खरा, पण उंदरांवरील प्रयोगांत असे जीवाणू आतड्यात नीट तग धरू शकले नाहीत. प्रतिकाराची अशी किंमत मोजावी लागत असल्यामुळेच, एकदा बचाव साधला म्हणजे जीवाणू कायमचा सुरक्षित झाला, असे होत नाही.

जीवाणूचा दुसरा बचाव अधिक विलक्षण आहे. काही जीवाणूंच्या गुणसूत्रात पीएलई नावाचा डीएनएचा तुकडा सुप्तावस्थेत असतो. आयसीपी-१ आत शिरताच हा तुकडा गुणसूत्रातून सुटतो, वेगाने आपल्या प्रती काढतो आणि फाजाच्याच प्रथिनांची कवचे पळवून त्यांत स्वतःला भरतो. संसर्ग झालेली पेशी फुटून मरते, मात्र तिच्यातून फाजाची नवी पिढी बाहेर पडत नाही, आणि त्यामुळे शेजारचे जीवाणू वाचतात. यावर काही आयसीपी-१ फाजांकडे जो तोडगा आहे, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधकांना अनपेक्षित होता. क्रिस्पर ही मुळात जीवाणूंची, फाजाच्या डीएनएचे तुकडे जपून पुढच्या हल्ल्यात तोच डीएनए ओळखून कापणारी संरक्षणयंत्रणा. पण इथे ती फाजाच्या जनुकसंचात आहे आणि तिचे लक्ष्य आहे पीएलई. लक्ष्याशी जुळणारा क्रम असेल, तर पीएलईचे तुकडे होतात आणि फाजाची वाढ पुन्हा सुरू होते. जीवाणूंतही पीएलईचा एकच प्रकार टिकून राहिलेला नाही: १९४९ पासूनच्या नमुन्यांत त्याचे निरनिराळे प्रकार एकामागून एक आलेले दिसतात.